जपून ठेवलेला पाय

मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. हसू नका, मित्रांनो. बाळकुमच्या कृत्रिम पायांच्या शिबिरात मला बनवून महिपतला बसवलं, तेव्हा तोही असाच हसला होता आणि मग रडला होता. कल्याणच्या बाजारात आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं भाजीची हातगाडी ढकलली. घरी आलो की त्याची बायको नंदा मला पुसून कोपऱ्यात उभं करायची. त्याहून जास्त लाड कधी झाले नाहीत.

एकदा बाजारात मारामारी झाली आणि महिपतलाही धरलं. दोष अजून ठरायचा होता, म्हणजे तो कच्चा कैदी. तुरुंगाच्या दारावर शिपाई म्हणाला, "यात लोखंडी दांडी आहे ना? मग काढ. लोखंड आत चालत नाय."

"साहेब, पाय आहे तो माझा."

"सुटताना मिळेल रे. एकदम सेफ राहील."

शब्दाला जागले हो ते. मला कपाटात ठेवलं, नावाची चिठ्ठी बांधली, अधूनमधून धूळसुद्धा झटकली. नंदा दर भेटीला दारावर मला मागायची आणि रिकाम्या हातांनी परत जायची. आत महिपत भिंत धरून लंगडी घालत होता. एक दिवस तो न्हाणीघरात घसरला, खुबा मोडला, आणि उपचारालाही उशीर झाला. हे सगळं मला पुढे नंदाच्या तोंडून कळलं.

जामीन झाला तेव्हा मला त्याच्या हातात दिलं. पण मोडक्या खुब्यामुळे मला पायाला लावायची सोयच उरली नव्हती.

"जाऊ दे गं. सरकारशी कोण भांडणार?" तो म्हणाला.

"मी भांडणार. तुम्ही फक्त सोबत या."

उच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी ऐटीत सांगितलं, की पाय जसाच्या तसा परत केला आहे, साधा ओरखडा नाही. नंदाने मला पिशवीतून काढून बाकावर उभं केलं. न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलं, मग चाकांच्या खुर्चीतल्या महिपतकडे.

"पाय सांभाळलात. आणि माणूस?"



निकाल लागला. कैद्याचं स्वातंत्र्य काढून घेता येतं, त्याचा देह नाही. ताब्यातल्या माणसाची जबाबदारी सरकारची, म्हणून भरपाईही सरकारनेच द्यायची. आणि यापुढे कुणाचा असा पाय, चष्मा, काठी दारावर काढून घ्यायची नाही.

"पुढच्याचा तरी पाय राहील," नंदा म्हणाली. आता गाडी तीच ढकलते, महिपत बसून वजन करतो, आणि मी घरी कोपऱ्यात असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हाला जपा. मी नाही विनवणार. मला फार छान जपलं होतं. उद्या किल्ल्या तुमच्या हातात येतील, तेव्हा माणूस जपा.