हिरवी खूण

जयंतीबाईंनी माऊसवरचा भार्गवीचा हात बाजूला सारला.

"झालं म्हणतीस. कशावरून?"

भार्गवी त्यांची भाची, कडगंचीच्या विद्यापीठात शिकणारी. तीन दिवस खपून तिनं जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं लिनक्सच्या नव्या यंत्रावर आणलं होतं. रोज चारला त्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरे आणि हिरवी खूण उमटे. जुनी डिस्क सकाळीच काढून दाराशी पिशवीत ठेवली होती. संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गुरप्पा ती नेऊन, कोरी करून आपल्या दुकानात वापरणार होता.

मावशीला खूण पटत नव्हती. तीस वर्षं त्यांनी पोरांना वही मिटून उत्तर लिहायला लावलं होतं. आणि आत काय थोडंथोडकं होतं? ज्या बोलीला शहाण्यांनी अशुद्ध म्हणून नाकं मुरडली, तिचे त्यांनी गावोगाव फिरून टिपलेले चार हजार शब्द, बोलणाऱ्यांच्याच आवाजात. नऊशे एकट्या हुलसूरच्या राजूबाईंचे. राजूबाई माघात गेल्या.

"एक पुसून बघू. येतंय का परत."

"बिनकामाचं काहीतरी घे, मावशी."

"बिनकामाचं आलं काय, न्हाई आलं काय. मला कसं कळंल?"

त्यांनी 'राजूबाई' नावाचं फोल्डर पुसलं.

नक्कल परत आणली. नाव आलं, आवाज आला नाही. भार्गवी मान खाली घालून शोधत राहिली. शेवटी चूक सापडली, तिचीच. घाईत आवाज नव्या यंत्रावर उतरलेच नव्हते. ते जुन्या डिस्कवर कुठं आहेत, एवढं सांगणारी पाटी तेवढी आली होती. हुलसूर इकडे, असं सांगणारी रस्त्यावरची पाटी, हुलसूर नव्हे. तीन दिवस त्या पाटीचीच इमानानं नक्कल होत होती, वर हिरवी खूण.

भार्गवी बोलणी खायला तयार बसली. जयंतीबाईंनी खुर्ची ओढली, पाटी म्हणजे नेमकं काय ते दोनदा समजून घेतलं, मग उठून दाराशी गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. गुरप्पा आला तसा चहा पिऊन माघारी गेला.

आवाज खरेखुरे उतरवले. नक्कल घेतली. जुनी डिस्क पुन्हा काढली.

"आता दुसरं पुसू," भार्गवी म्हणाली.

"हेच."

पुसलं. आणलं. जरा खरखर, मागं कोंबड्या, आणि राजूबाईंचा खणखणीत आवाज:

"आलं का अक्का, त्यात? का मी उगंच बोलायलेय?"

दिवेलागण होईस्तोवर ते तसंच वाजत राहिलं. भार्गवीनं बंद करायला हात पुढं केला, तेव्हा जयंतीबाई म्हणाल्या,

"उद्या परत पुसून बघू."