टोपीच्या आतली सात भोके

मी एक पिवळी पडलेली टोपी आहे. दुकानातून बाहेर पडले तेव्हा पांढरीशुभ्र होते, पण उत्तरेकडच्या थंड देशातल्या आमच्या कुओपिओ गावात टोपी जितकी पिवळी तितका तिचा मान मोठा, त्यामुळे रंगाबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, मला सांगायचे आहे ते माझ्या आतल्या बाजूबद्दल. तिकडे सहसा कोणी पाहत नाही. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी पाहिले, आणि त्या सकाळची आठवण झाली की आजही माझी मखमल शहारते.

माझा जन्म एकोणीसशे शहात्तर सालचा. वर पांढरी मखमल, खाली काळ्या मखमलीचा पट्टा, पुढे डोळ्यांवर सावली धरणारी काळी चकचकीत कड आणि मधोमध वीणेसारखे छोटे सोनेरी चिन्ह. आतून डोक्याला टेकणारी कातड्याची पट्टी. शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की आमच्याकडे अशी टोपी मिळते आणि पुढे जन्मभर दर एक मेला ती घालायची असते. वर्षातले उरलेले दिवस मी गोल डब्यात, निळ्या कागदात झोपून काढते.

माझी मालकीण ऐला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचे जवाच्या रंगाचे केस इतके दाट होते की मी त्यांच्यावर नीट बसेचना. त्यात मे महिन्यात सरोवरावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात आणि वारा असा सुटतो की टोप्या उडून पाण्यात जातात. म्हणून ऐलाच्या आईने तिला मोत्याचे डोके असलेल्या दोन लांब पिना दिल्या. दोन्ही कानशिलांवर एकेक पिन माझ्या कातड्यातून आत जायची आणि जिथे केस सुरू होतात तिथल्या पहिल्या दाट बटेत घट्ट रुतायची. पहिल्या वर्षी माझ्या पट्टीला दोन्ही बाजूंना एकेक भोक पडले. पुढच्या वर्षी पिनेने तेच भोक शोधले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. छत्तीस वर्षे तेच. कातड्याची आठवण पक्की असते.

त्या छत्तीस वर्षांत ऐला गणिताची शिक्षिका झाली आणि तिने ओलावीशी लग्न केले. ओलावी जमीन मोजणी खात्यात होता. दर एक मेला तो दाराच्या पायरीवर तिचा फोटो काढायचा. नंतर ऐलाची वर्गमैत्रीण तुओवी यायची, आणि सगळे मिळून सरोवराकाठी बटाट्याची कोशिंबीर, साखरेत घोळवलेले गरम वडे आणि बेदाणे तरंगणारे लिंबाचे फसफसते पेय असा बेत करायचे.

सदतिसाव्या वर्षी पिन जुन्या भोकात शिरली आणि पलीकडे तिला केसच सापडेनात. ऐलाने ती काढली, दोन मिलिमीटर मागे, कानाच्या दिशेने सरकवली आणि पुन्हा टोचली. मला दुसरे भोक पडले. मला वाटले, तिचा हात चुकला असेल. पुढच्या वर्षी तिसरे भोक पडले, त्यापुढच्या वर्षी चौथे.

त्याच सुमारास तुओवी एकदा वडा खाता खाता थांबली. "ऐला, तुझ्या भुवया कुठे ठेवून आलीस गं?"

"घरीच आहेत. पेन्सिलीच्या डबीत."

दोघी खळखळून हसल्या. पण त्या दिवसापासून ऐला मला थोडी खाली ओढून घालू लागली. आधी मी कपाळाच्या वर दिमाखात बसायचे, आता माझी कड तिच्या पापण्यांना टेकू लागली.

"टोपी नाकावर आली तर जेवणार कशी?" ओलावीने विचारले.

"तू भरव," ती म्हणाली.

शनिवारी बायकाबायकांनी मिळून सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, जायची तिची जुनी सवय होती. वाफेने केस ओले होऊन डोक्याला चिकटतात आणि कपाळ कुठवर पोचले आहे ते सगळ्यांना दिसते, म्हणून तिने तीही सोडली. तुओवीला मात्र ती गुडघ्याचे कारण सांगायची. मित्रांनो, मी तिला लपायला मदत करत होते. याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

सातवे भोक पडले ते दोन हजार सतरा साली. त्या वर्षी मी जीर्ण झाले होते. आतली पट्टी फाटून ऐलाच्या कपाळाला टोचत होती, म्हणून मला टोपीवाल्याकडे देऊन नवी पट्टी बसवून घ्यायचे ठरले. एक मे उलटून चार दिवस झाले होते. माझा डबा हातात घेऊन ऐला आणि ओलावी घराबाहेर पडले, पण टोपीवाल्याच्या आधी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जायचे होते. भुवया गेल्या आणि केसांच्या कडेला आग होते, हे कळल्यावर आरोग्य केंद्राने ऐलाला तिकडे पाठवले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी कपाळाजवळची जागा बधिर करून मसुराच्या डाळीएवढा त्वचेचा तुकडाही तपासायला घेतला होता.

डॉक्टर राउतियो वयाने ऐलाच्या मुलीएवढ्या असतील. दिवा असलेले एक भिंग त्यांनी ऐलाच्या केसांच्या कडेवर टेकवले आणि बराच वेळ पाहिले. मी टेबलावर डब्यात होते. डब्याचे झाकण अर्धे उघडे होते.

"तपासणीचा निकाल आलाय," त्या म्हणाल्या. "हे वयामुळे झालेलं नाही. शरीराची संरक्षण करणारी फौज चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडते. मूळ जळून गेलं की तिथं व्रण राहतो, आणि व्रणातून केस उगवत नाही. गेलेले केस मी परत आणू शकत नाही, हे आधीच सांगते. जे आहेत ते मात्र वाचवता येतील."

"म्हणजे मलम?" ऐलाने विचारले.

"मलम हा एक मार्ग. दुसरा म्हणजे मलमाबरोबर आजपासून गोळ्या आणि दर काही आठवड्यांनी या कडेला बारीक इंजेक्शनं. गोळ्यांसाठी डोळे तपासत राहावे लागतील. कड झपाट्यानं सरकत असेल तर मी दुसरा मार्ग सुचवेन. हळू सरकत असेल तर नुसतं मलम लावून सहा महिन्यांनी पुन्हा मोजू. अडचण एवढीच आहे की मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते तीन आठवड्यांपूर्वी. याआधीचं मोजमाप माझ्याकडे नाही."

"मग सहा महिन्यांनी पाहू," ऐला लगेच म्हणाली. तिला गोळ्या नकोच होत्या.

मित्रांनो, मी डब्यात तडफडत होते. मोजमाप होते, माझ्या पोटात होते, आणि तासाभरात टोपीवाला ते कापून कचऱ्यात टाकणार होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

ओलावीने खिशातून एक पाकीट काढले. "दर वर्षीचे फोटो आहेत. एकाच पायरीवर, एकाच अंतरावरून काढलेले. मी मोजणीवाला माणूस आहे."

डॉक्टरांनी फोटो उत्सुकतेने ओळीत मांडले आणि मग त्यांचा चेहरा पडला. सगळ्या फोटोंत ऐलाच्या डोक्यावर मी होते, आणि जे पाहायचे होते तेच मी झाकले होते.

"बत्तीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्यास," ऐला म्हणाली, "आणि बायकोच्या कपाळाची हद्द सरकली ती टोपी घालून टिपलीस."

"टोपी कोण खाली ओढत होतं?"

डॉक्टर हसल्या. "ही टोपी आधी कुठे बसायची, ते निदान दाखवता का?"

ऐलाने मला डब्यातून काढले. डोक्यावर घालण्याआधी फाटलेली पट्टी आत दुमडावी म्हणून तिने मला उलटे केले आणि दिव्याचा प्रकाश थेट माझ्या आत पडला.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "ही भोकं कसली?"

"पिनेची. वारा असतो ना."

"पिन कुठे खोचता तुम्ही?"

"जिथे केस सुरू होतात तिथे. त्याशिवाय ती धरत नाही."

डॉक्टरांनी माझ्यावर भिंग धरले. डावीकडे सात भोके आणि उजवीकडेही सात. पहिले मोठे, कडा झिजून गुळगुळीत झालेले. त्यानंतरची सहा बारीक, एकामागे एक कानाकडे निघालेली. त्यांनी खणातून मोजपट्टी काढली. ओलावीची नजर मात्र अजून फोटोंवरच होती, आणि तो एकदम खुर्चीवरून उठला.

"मोती," तो म्हणाला. "प्रत्येक फोटोत पिनेचा मोती दिसतोय. हे पाहा, हा कानापासून लांब आहे, पुढच्या वर्षीचा थोडा जवळ. कुठलं भोक कुठल्या वर्षीचं, ते यावरून लावता येईल."

मग त्या छोट्या खोलीत काय लगबग झाली म्हणून सांगू. ओलावी साल वाचायचा, डॉक्टर अंतर मोजायच्या आणि ऐला आपल्या शिक्षिकेच्या अक्षरात लिहून घ्यायची. दोन, दोन, चार, पाच, आठ, नऊ. डॉक्टरांनी उजवी बाजूही वेगळी मोजली, कारण एका बाजूला हात चुकू शकतो. दोन्ही बाजूंत एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता.

"हे काही अगदी काटेकोर माप नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण वेग वाढतोय, एवढं स्पष्ट आहे. भिंगातून दिसणारी लाली आणि कोंडाही तेच सांगतोय."

ऐला आकड्यांकडे पाहत राहिली. आयुष्यभर मुलांना शिकवलेले गणित आता तिच्याच समोर होते.

"वर्षाला नऊ," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मी सहा महिने विचार करत बसले तर साडेचार मिलिमीटर विचारातच जाणार, आणि ते परत येणार नाहीत." मग तिने वही मिटली. "इंजेक्शन फार दुखतं का?"

"दुखतं," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं सांगत नाही."

"मग आजच द्या. उद्या मला पळून जावंसं वाटेल."

निघताना डॉक्टरांनी बजावले, "या टोपीची पट्टी बदलू नका. पुढच्या मे महिन्यात मला ती पाहायची आहे." अशी मी फाटकी ती फाटकीच घरी परत आले, पण माझ्याइतकी खूश टोपी त्या दिवशी साऱ्या गावात नसेल.

वर्ष सोपे गेले नाही. पहिले काही आठवडे गोळ्यांनी तिचे पोट बिघडले. इंजेक्शनाच्या दिवशी ती घरी येऊन कपाळाला थंड फडके लावायची आणि ओलावीशी उगाच भांडायची. डोळ्यांची तपासणी ठीक आली. गेलेली भुवई आली नाही. तिने एकदा कृत्रिम केसांचा टोपही आणून पाहिला. ओलावीने तो निरखला आणि म्हणाला, "छान आहे, पण या बाई घरी कधी जाणार?" टोप परत गेला. तुओवीला तिने खरे कारण सांगितले तेव्हा तुओवी रागावली. "पाच वर्षं गुडघा, गुडघा करत होतीस. मी तुझ्यासाठी देवाला गुडघे मागत होते." त्या शनिवारी दोघी सौनाला गेल्या.

आणि मग एक मे आला. पायरीवर सरोवराचा वारा होता. निळा कागद निघाला, मी डोक्यावर चढले, ओलावी कॅमेरा धरून उभा राहिला. ऐलाने उजवी पिन उचलली. पिनेचे टोक माझ्या कातड्यावरून सरकत आठव्या भोकाची जागा शोधू लागले, आणि ते सातव्या भोकात अलगद शिरले. पलीकडे केस होते. दाट होते. पिन रुतली.

तिने डावी टोचली. तीही सातव्यातच गेली.

"ओलावी," ती म्हणाली, "तेच भोक."

त्याने कॅमेरा खाली केला. त्या वर्षीचा फोटो थोडा हललेला आला आहे, मोजणीवाल्याच्या हातून पहिल्यांदाच. त्यात मी नाकावर नाही, कपाळाच्या वर बसले आहे आणि ऐलाचे उंच झालेले कपाळ सगळ्यांना दिसते आहे. पुढच्या वर्षीही पिन त्याच भोकात गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या आजीने किंवा आईने टोपी, पदर, रुमाल एकाएकी खाली ओढायला सुरुवात केली, तर हसून सोडून देऊ नका. हळूच विचारा, आणि डॉक्टरांकडे लवकर न्या. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू दुरुस्तीला टाकण्याआधी तिला एकदा उलटी करून, आतून, उजेडात नक्की पाहा.