पाऊण इंचाने बुटकी

मी एक जुनी, लाल रंगाची, अंगाने जड आणि उंचीने बुटकी इलेक्ट्रिक गिटार आहे. बुटकी म्हटलेलं मला मुळीच आवडत नाही. पण मित्रांनो, माझी सगळी कहाणीच त्या बुटकेपणाची आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

गिटारची उंची लाकडावरून मोजत नाहीत. मानेच्या वरच्या टोकाशी तार जिथे टेकते, तिथपासून खाली अंगावर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपर्यंत मोजतात. तेवढीच तार गाते. त्या लांबीला स्केल म्हणतात. माझं स्केल इतर पुष्कळ गिटारींपेक्षा पाऊण इंच कमी आहे. पाऊण इंच ते काय, अंगठ्याच्या पेराएवढं! पण तेवढ्याने स्वभाव बदलतो. तोच सूर काढायला लांब तार जास्त ताणावी लागते, म्हणून तिचा आवाज टणटणीत आणि लख्ख. माझ्या तारांना ताण कमी, म्हणून माझा आवाज गोल, मऊ. बोटाने तार जरा ढकलली, की मी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते, अगदी गाणाऱ्या माणसासारखी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. लाकडाचा भुसा आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच आठवतं. समज आली ती चिकलठाण्याच्या एका ऑर्केस्ट्रात. लग्नं म्हणू नका, वाढदिवस म्हणू नका, सगळीकडे मिरवले. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि राजकुमारने मला बजाजनगरला आपल्या घरी आणलं. राजकुमार वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला आहे, लोखंडाचे साचे बनवतो. आणलं होतं त्याने स्वतःसाठी, पण त्याच्या बोटांना काही मी वश झाले नाही. झाले ती त्याच्या बायकोला, मेघाला.

या घरची गायन पार्टी आहे. राजकुमारची आई मालनबाई गाते, शेजारचे कडुबाभाऊ पेटी वाजवतात. भीमजयंतीला कॉलनीच्या स्टेजवर पहिलं गाणं मालनबाईचं, हे ठरलेलंच. आणि गायन पार्टीचा नियम असा, की वाद्यांनी गाणाऱ्याच्या पट्टीत यायचं. पेटीच्या ज्या पट्टीवर माणसाचा 'सा' बसतो, ती त्याची पट्टी. मालनबाईची काळी चार. मेघा माझ्या सगळ्या तारा त्या पट्टीला जुळवायची. मालनबाई सूर खेचत नेई, की मी तिच्या मागोमाग घसरत जायचे.

"ही पोरगी माझ्यासंगं गाती," मालनबाई म्हणायची. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश असायचे.

पण वय कुणाला चुकलंय? मालनबाईचा आवाज हळूहळू खाली उतरला, जाड झाला. काळी चार सुटली, काळी तीन आली. नियमाप्रमाणे मेघाने माझ्याही तारा उतरवल्या. माझ्या तारा बारीक, त्यात स्केल आखूड. होता नव्हता तो ताणही गेला! तारा लोंबल्या, मानेवर ठोकलेल्या धातूच्या आडव्या कड्यांवर, म्हणजे पडद्यांवर, आपटून खरखरायला लागल्या. मला इतकी लाज वाटायची म्हणून सांगू.

"ही ढिली पडली आता," कडुबाभाऊ म्हणाले आणि आपल्या भाच्याला, प्रणयला, घेऊन आले. त्याची गिटार नवी, पांढरीशुभ्र, लांब स्केलची. मला कपाटावर ठेवलं. वरून सगळं दिसत होतं, हेच वाईट.

प्रणय पोरगा गुणी, पण त्याला आपल्या गिटारच्या तारा उतरवायच्या नव्हत्या. "आजी, काळी चारवरूनच गा ना. लई खुलतं तिथं," तो म्हणाला. मालनबाईने त्याचं मन मोडलं नाही. पहिली ओळ निभावली, पण वरच्या सुराला आवाज चिरफाळला. तिने पुन्हा धरला, पुन्हा फाटला. कडुबाभाऊंनी पेटी थांबवली.

"बास," मालनबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. "यंदा जयंतीला पार्टीतल्या पोरी गातील. माझं झालं आता."

कपाटावर माझा जीव तुटत होता. मला खाली घ्या, मी येते तिच्यासंगं खाली, असं ओरडावंसं वाटलं. पण मला कोण वाजवतंय!

मेघाने मात्र मनावर घेतलं. "अहो, आईंच्या मागोमाग जाणारी ही जुनीच पाहिजे. बघा ना काही होतं का," ती राजकुमारला म्हणाली. राजकुमारने दोन्ही गिटारी शेजारी ठेवल्या आणि टेप लावला. टूलरूमचा माणूस, मापाशिवाय त्याला चैन पडत नाही.

"हात्तिच्या! ही पाऊण इंच आखूडच बनलीय. हा तर रिजेक्ट पीस! म्हणून ढिली पडती. थांब, दुरुस्त करतो."

रिजेक्ट! इतकी वर्षं गायल्यावर! त्याने ड्रिल आणलं, माझ्या अंगात दोन भोकं पाडली आणि घोडी पाऊण इंच मागे नेऊन बसवली. मित्रांनो, फार दुखलं हो. तारा चढवल्या, त्या जरा ताठ झाल्या. मोकळी तार छेडली, सूर बरोबर लागला.

"बघ!" राजकुमार मेघाला म्हणाला.

मेघाने पहिल्या पडद्यावर बोट ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. जसजशी खालच्या पडद्यांवर गेली, तसतसा सूर अधिकच उतरलेला. वरचा 'सा' तर लागेचना. कसा लागणार? तार लांब झाली, पण पडदे जुन्या लांबीच्या हिशोबाने ठोकलेले. वरच्या 'सा'चा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर लागतो, तो मध्यच हलला होता.

मेघाने टेप घेऊन तेच मोजून दाखवलं. "अहो, ही आखूड बनली नाही, आखूडच बनवलीय. तिचे पडदेही तिच्याच मापाचे आहेत."

राजकुमार भोकांकडे बघत राहिला. "व्हय की गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला, की माझा राग निम्मा तिथेच गेला.

मालनबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि माझ्यावर हात फिरवला. "मला वर ओढलं, हिला मागं ओढलं. आमचं माप कुणी इचारलंच नाय." मग मेघाला म्हणाली, "काळी तीनला हिच्या तारा ढिल्या पडत्यात ना? मग जाड तारा लाव की. माझा आवाज जाड झाला, तशा हिच्या तारा."

मेघा हसली आणि लगेच जाड तारा घेऊन आली. जाड तारेला तोच खालचा सूर काढायलाही चांगला ताण लागतो. राजकुमारने घोडी जुन्या जागी आणली, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, आणि जाड तारा नीट बसाव्यात म्हणून मानेच्या टोकाशी तारा बसायच्या खाचा बारीक कानसीने रुंद केल्या. एकदाही घाई केली नाही त्याने.

जयंतीला स्टेजवर पहिलं गाणं मालनबाईनेच म्हटलं, काळी तीनमध्ये. प्रणयनेही या वेळी आपली गिटार उतरवली. त्याचे ठोके लख्ख पडत होते आणि मी मालनबाईच्या आवाजाखाली गोल, भरदार वाहत होते. एका ठिकाणी तिचा सूर थरथरला. मेघाने माझी तार हलकेच ढकलली, मी खालून आधार दिला, आणि ती अशी वर गेली, की समोरच्या बायकांनी टाळ्यांचा ताल धरला. मला रडू आलं असतं, पण गिटारला रडता येत नाही.

मित्रांनो, वाजवून झालं की माझ्या तारांवरचा घाम पुसा, मला उन्हात उभी करू नका. खुंट्यांचे डाग दिसतात, दिसू द्या. फक्त एवढं करा: कुणाचा सूर लागेनासा झाला, तर हातात ड्रिल घेण्याआधी त्याला एकदा जवळ बसवून विचारा, तुझी पट्टी कोणती?