पांढऱ्यात शिरलेला पिवळा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जन्मभर मी इतरांची चित्रे दाखवली; माझे स्वतःचे म्हणावे असे मला एकच वाक्य येते. केबल काढली की मी एक लहानशी चौकट दाखवतो. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन पट्टे असतात आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'सिग्नल नाही'. याच वाक्याने मला एकदा भंगारात जाण्यापासून वाचवले.

कारखान्यात माझी जोडणी झाली, तेव्हा एका कामगार बाईने माझ्यावर कोरा पांढरा रंग उमटवून मला चारही कोपऱ्यांपर्यंत निरखले आणि "हा छान आहे," असे म्हणून पुढे सरकवले. पुढे मी या घरी आलो. येथे रस्त्याकडच्या खोलीत जुने फोटो संगणकावर दुरुस्त करण्याचे काम चालते. ते करणाऱ्या बाईंना त्यांची नणंद वहिनी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो.

पाण्याने पुसलेली हनुवटी, कसरीने कुरतडलेला कान, घडीवर तडकलेले कपाळ, हे सारे वहिनी माझ्यासमोर बसून पूर्ववत करीत. गिऱ्हाईक टेबलापलीकडे बसे. काम झाले की वहिनी मला दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे वळवीत आणि विचारीत, "बघा, ओळख पटते का?" कोणी हसे, कोणी रुमाल शोधी. दिवसातून पाचसहा वेळा मी असा वळत असे. तो माझा मान होता.

अकराव्या वर्षी मात्र काहीतरी बिघडले. वहिनींना चेहरे पिवळट दिसू लागले, म्हणून त्या निळा रंग वाढवू लागल्या आणि छापील फोटो निळसर येऊ लागले. एका शिंप्याने आपल्या आईचा फोटो परत आणला. "काम सुरेख आहे, ताई," तो संकोचून म्हणाला, "पण आई थंडीत कुडकुडत असल्यासारखी वाटते."

असा परत आलेला तो तिसरा फोटो होता. शिंपी गेल्यावर वहिनींनी आधी एक डोळा झाकून माझ्याकडे पाहिले, मग दुसरा. त्या मॉनिटरवर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होत्या. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "एवढा फोटो देते आणि काम बंद करते."

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या? हा डबा म्हातारा झालाय," त्यांचे यजमान म्हणाले. "भंगारात टाकू."

रविवारी नणंद आली. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते; घरात तिला थट्टेने तपासनीस म्हणतात. ती येईपर्यंत यजमानांनी संगणक बंद-चालू केला होता, रंगांची मांडणी बदलली होती, केबल ओढली होती आणि माझ्या पाठीवर दोन थापाही मारल्या होत्या. चित्र एकदम सुधारले.

"झालं की," ते म्हणाले.

"कशानं झालं, दादा?"

"आता ते कसं सांगू? चारही केलं ना."

"म्हणजे काहीच कळलं नाही. पुन्हा बिघडलं की पुन्हा थापा मारशील."

दहा मिनिटांतच मी पुन्हा पिवळा पडलो. तपासनिसाने वही उघडली. "आता एका वेळी एकच बदल. दादा, तू लिही. हात मागे."

"लग्नाआधीपासून ही मला असंच दटावते," यजमान पुटपुटले. पण लिहू लागले.

तिने माझ्यावर कोरे पान उघडले आणि शेजारी कोरा कागद धरला. "वहिनी, कागद कसा दिसतो?"

"पांढरा."

"आणि पडद्यावरचं पान?"

"पिवळट."

"मग डोळ्यांना रंग बरोबर कळतोय. लिही, दादा."

वहिनींनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला.

नंतर माझी पाळी आली. तपासनिसाने माझ्याकडची केबल काढली. मित्रांनो, मी माझे एकुलते वाक्य जिवाच्या आकांताने उजळले. निळा पट्टा निळाभोर होता, अक्षरे कागदासारखी पांढरी.

"हे मॉनिटर स्वतःहून दाखवतोय," ती म्हणाली. "याचा दोष नाही. राहिले संगणक आणि केबल."

शेजारून दुसरी केबल आणली. बाकी कशालाही हात न लावता तेवढीच बदलली आणि पान पांढरेशुभ्र झाले. जुनी लावताच पिवळटपणा परतला. माझ्या मानेजवळ ती वाकवली की रंग कमीजास्त होई. आत निळ्या रंगाची बारीक तार तुटत आली होती.

"पण इथेच का तुटावी?" तपासनीस म्हणाली.

वहिनींनी सवयीप्रमाणे मला दोन्ही हातांनी धरले, अर्धे वळवले आणि थांबल्या. माझ्यामागे केबल पिळवटली होती.

ज्या वळण्याचा मला मान वाटत होता, त्यानेच ती केबल झिजत होती. हे मलाही ठाऊक नव्हते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते. एखादे बिघडले तर रागाने बडवू नका, लगेच फेकू नका. एकेक गोष्ट तपासा, लिहून ठेवा. निदान निरपराधाला शिक्षा होणार नाही. मी आता थकलो आहे. कधीतरी माझाही दिवा विझेल. तेव्हा तसे वहीत लिहावे, एवढीच विनंती.

चार दिवसांनी शिंपी आला आणि नेहमीप्रमाणे टेबलापलीकडे बसला. वहिनींचे हात माझ्या कडांपर्यंत आले आणि मागे गेले. त्यांनी आपल्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"इकडे या भाऊ, माझ्या बाजूला बसा."

तो बसला आणि पडद्यावरच्या आईकडे वाकून पाहू लागला. "आता आई उन्हात बसल्यासारखी वाटते," तो म्हणाला.

वहिनींनी कामाच्या पिशवीतून पुढच्या गिऱ्हाइकाचा फोटो काढला.