सीडीच्या कडेची गोष्ट

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हीच तर मावशीची खरी तक्रार होती. जित्या सवतीला निदान चार शब्द सुनावता येतात. तिच्या भाजीत मीठ जास्त पडलंय, एवढं तरी म्हणता येतं. पण भिंतीवरच्या फोटोतल्या बाईला काय म्हणणार? तिचं वय वाढत नाही, आवाज चढत नाही, शाळेच्या घाईत तिने कधी कुणाला धपाटा घातलेला नाही. सगळे धपाटे मावशीच्या नावावर आणि सगळा गोडवा त्या फोटोच्या!

मावशी म्हणजे तशी कुणाचीच मावशी नव्हे. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी तिला मावशी म्हणायची, म्हणून शेजारीपाजारी, नात्यागोत्यात ती सगळ्यांची मावशी होऊन बसली. लग्न होऊन घरात आली त्या दिवशी ती पोर, ढब्बू, टेबलाखाली जाऊन बसली होती. हिने वाकून म्हटलं, "मला मावशी म्हण हं." पोर बिचकू नये म्हणून बरं का! मनात धरलं होतं की आज मावशी, मग हळूहळू आई. कसलं काय! ढब्बू शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, मावशी मावशीच राहिली. गालगुंडापासून गणितापर्यंत सगळं निस्तरलं हिने, आणि "आई" हा शब्द मात्र भिंतीवर टांगलेला. कुणाला सांगणार? सांगितलं तर लोक म्हणणार, मेलेल्या बाईवर जळतेस होय गं? हो, जळत होती. चांगली चरचरून जळत होती.

आणि मग एक दिवस, ढब्बूला सातवा लागलेला असताना, ती ओट्याला टेकून काकडी खाता खाता म्हणाली, "मावशी, बाळासमोर मी तुला मावशी मावशी करत बसले तर त्याचा गोंधळ होईल ना? तुला आई म्हणायची सवय करावी म्हणते."

मावशीचं गॅसवरचं दूध उतू गेलं. "म्हण की," ती म्हणाली, जणू भाजी कुठली आणू एवढंच कुणी विचारलं होतं. आत मात्र नुसती धावाधाव.

पण सुख बोचतं ना! त्याच आठवड्यात ढब्बू एक सीडी घेऊन आली. मऊ फडक्यात गुंडाळलेली, वर कागदी स्टिकर, त्यावर निळ्या शाईत "आईची गोष्ट".

"तुला माहितीये ना ही?" ढब्बू म्हणाली.

माहीत नसायला काय झालं? पहिली आजारी पडली, हॉस्पिटलात होती, तेव्हा तिने ढब्बूसाठी एक गोष्ट सांगून ठेवली होती. कुणीतरी ती सीडीवर उतरवून दिली. मावशी घरात आली की ढब्बू आतल्या खोलीत दार लावून ती ऐकायची. बंद दाराबाहेर उभं राहून काय वाटतं, ते मावशीला विचारा. एकदाही तिने आत डोकावून ऐकलं नव्हतं. ऐकायचंच नाही, असं ठरवलं होतं.

"शेवट कधी लागतच नाही हिचा," ढब्बू म्हणाली. "एका मुलीच्या कोटाचं बटण हरवतं, ती सगळं घर पालथं घालते, आणि बटण सापडायच्या आधीच सीडी अडकते. बाबांना विचारलं तर ते म्हणतात त्यांनी ऐकलीच नाही. मला ती बाळाला ऐकवायचीय, शेवटासकट. तूच काढू शकशील गं."

आता हे मात्र खरं होतं. मावशी नोकरीला रेडिओ केंद्रात, तळमजल्यावरच्या खोलीत. जुन्या कार्यक्रमांच्या सीड्या तिथे कपाटं भरभरून पडलेल्या, आणि त्या सडायच्या आत त्यांची प्रत काढून कॉम्प्युटरवर जपून ठेवायची, हे तिचं काम. सीडी घातली की ड्राइव्ह घरघरतं आणि सगळं नीट असलं तर शेवटी हिरवी खूण उमटते. नसलं, तर मध्येच पडद्यावर इशारा येतो: हा भाग वाचता येत नाही. खाली तीन बटणं. पुन्हा, सोडा, थांबा.

खरी गोम "सोडा"मध्ये आहे. ते दाबलं की मशीन तेवढा तुकडा गाळतं, त्या जागी नुसती शांतता भरतं आणि शेवटी तीच हिरवी खूण दाखवतं. धडधाकट प्रतीची आणि भोक पडलेल्या प्रतीची खूण एकच! म्हणून खोलीचा नियम होता की "सोडा" सहजासहजी दाबायचं नाही. आधी सीडी पुसा, तीही गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ. मग वेग कमी करा. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, माणसांसारखंच. कोपऱ्यात एक पिवळट पडलेलं जुनं ड्राइव्ह होतं, त्याला सगळे म्हातारा म्हणत. म्हातारा खोकत खोकत वाचायचा, पण जे कुणाला जमत नसे ते काढून द्यायचा. मावशी तर इतक्यांदा "पुन्हा" दाबायची की खोलीतल्या पोरांनी तिचं नाव पुन्हाबाई ठेवलं होतं. आणि कुणी सीडीवरचं जुनं स्टिकर ओढताना दिसला की ती खेकसायची, "अरे, चांदी निघेल! स्टिकरच्या खालीच असते ती. चांदी गेली की आवाज गेला!"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेले तेव्हा मावशीने ती सीडी काढली. उजेडात धरली. मधला भाग ठीक होता, कड मात्र ओरखड्यांनी भरलेली. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि ही तर काठोकाठ भरलेली, म्हणजे गोष्टीचा शेवट कडेला. आणि लहान पोर सीडी धरणार कुठे? कडेलाच. मावशीने ती पुसली, म्हाताऱ्यात घातली, वेग अगदी खाली आणला. कडेपाशी इशारा आला. पुन्हा. परत आला. पुन्हा. म्हाताऱ्याने दोनदा खाकरून घेतलं, आणि काय सांगू, हिरवी खूण! एकही तुकडा न गाळता.

क्षणभर तिला नुसता कामाचा आनंद झाला. मग हेडफोन कानाला लावले.

आवाज ऐकला आणि अंगावर काटाच आला. इतका तरुण! मावशीच्या आताच्या वयाच्या निम्म्यावरची पोर होती ती. मध्येमध्ये खोकायची, की लगेच हसायची. मुलगी पलंगाखाली बटण शोधते, डब्यात शोधते, मांजराला विचारते. मग शेवट आला. "आणि बटण होतं कुठे? त्या वेडाबाईच्या स्वतःच्याच मुठीत! घट्ट धरून सगळीकडे शोधत होती." मग खोकला, मग हसू. मावशीलाही हसू फुटलं, खोटं कशाला बोला. पण पहिली थांबली नव्हती. "आणि ढब्बू, ऐक हं. उद्या घरात कुणी दुसरी आली ना, तर तिला मावशी म्हण. छान वाग तिच्याशी. पण आई म्हणू नकोस हं माझ्या राजा. आई एकच."

मावशीने हेडफोन काढले. कानशिलं तापली होती. हिने टाचा झिजवल्या, हिने रात्री जागवल्या, आणि ही बाई कॉटवर पडल्या पडल्या हसत हसत दाराला कडी घालून गेली! आणि आत्ता, ढब्बू तो शब्द ओठांवर आणतेय तेव्हाच हे तिला ऐकवायचं? तेही आपल्याच हाताने काढून? एवढी मी साधी नाही, मावशी मनात म्हणाली.

तिने सीडी म्हाताऱ्यातून काढली, नव्या कोऱ्या ड्राइव्हमध्ये घातली आणि वेग मुद्दाम चढा ठेवला. कडेपाशी इशारा आला: हा भाग वाचता येत नाही. पुन्हाबाईने बोट उचललं आणि "सोडा" दाबलं. मग आणखी एकदा. आणखी एकदा. हिरवी खूण आली. त्याच नावाने नवी प्रत जुन्या प्रतीवर जाऊन बसली. संपलं.

पण जळणाऱ्याला तेवढ्यावर कुठे समाधान असतं! सीडी बाहेर आली, त्यावर ते निळं "आईची गोष्ट". तिचं नख आपोआप स्टिकरच्या कोपऱ्यावर गेलं. जरासंच उचकटलं, आणि त्याच्याबरोबर कडेची चांदी पापुद्र्यासारखी वर आली. खाली काचेसारखं आरपार दिसत होतं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनमधली प्रत खोटी केली तरी सीडीत खरं शिल्लक होतं, हा विचार तिच्या मनात होताच ना कुठेतरी, मागच्या खणात ठेवलेला? आता तेही गेलं. तिने घाईघाईने सीडी म्हाताऱ्यात घातली. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. म्हातारा घरघरत राहिला आणि शेवटी सीडीच बाहेर ढकलून मोकळा झाला. पोरं जेवून खाली आली तेव्हा मावशी स्टिकरचा कोपरा बोटाने दाबून बसली होती.

रविवारी दुपारी ढब्बू आली. पाय स्टुलावर टाकून बसली, पोटावर हात. मावशीने काढून आणलेली प्रत लावली. तो आवाज खोलीत उमटला मात्र, मावशीचा नवरा उठून गॅलरीत गेला आणि सकाळीच पाणी घातलेल्या झाडांना परत पाणी घालू लागला. मुलीने पलंगाखाली पाहिलं, डब्यात पाहिलं, मांजराला विचारलं. "आणि बटण होतं कुठे?" असं तो आवाज म्हणाला, आणि पुढे काही नाही. नुसती शांतता, बरीच लांब, साफ.

ढब्बू थोडी पुढे झुकून ऐकत राहिली. "म्हाताऱ्यात घातली होतीस?" तिने विचारलं. लहानपणापासून जेवताना म्हाताऱ्याचे पराक्रम ऐकलेली पोर ती.

"घातली होती," मावशी म्हणाली. खोटं नव्हतंच ते. म्हणून तर जास्त लागलं.

"मग नसेलच गं उरलं. तुला नाही जमलं म्हणजे कुणालाच नाही जमायचं." ढब्बूने नाक ओढलं. "माझ्याच बोटांनी गेलं असणार. ताटलीसारखी घेऊन फिरायचे ना मी. सगळी कड मीच खाल्ली." मग डोळे पुसून ती हसली. "जाऊ दे. आई, जरा पाणी देतेस?"

आई. मिळाला शब्द! इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगला होता तो असा, पाण्याच्या पेल्याबरोबर. मावशी स्वयंपाकघरात गेली, पेला भरला, आणि तिथेच उभी राहिली. पोर सगळा दोष स्वतःच्या इवल्याशा बोटांवर घेऊन बाहेर बसली होती. उद्या बाळालाही तेच सांगणार, मीच बिघडवली म्हणून. आणि हिने त्याच पोरीकडून आई म्हणवून घ्यायचं? मावशीला स्वतःची इतकी किळस आली की पेला ओट्यावर आपटला.

ती बाहेर आली, पाणी न घेताच. "बटण तिच्याच मुठीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या मुलीच्या. घट्ट मुठीत धरून सगळीकडे शोधत होती."

"तुला कसं माहीत?"

मग मावशीने सांगितलं. सगळं. म्हाताऱ्याने काढून दिलं होतं ते, हेडफोन, सोडा, नख, चांदी. एकही तुकडा गाळला नाही. गॅलरीतलं पाणी मध्येच थांबलं.

"का पण?" ढब्बूचा आवाज चिरकला. "असं काय होतं पुढे?"

"मत्सर होता माझा. दुसरं काय?" मावशी म्हणाली. "ती पुढे म्हणते, उद्या कुणी दुसरी आली तर तिला मावशी म्हण. छान वाग तिच्याशी. पण आई म्हणू नकोस हं माझ्या राजा. आई एकच."

ढब्बूने तोंड फिरवलं. खिडकीकडे बघत बसली, खांदे हलत होते. मावशीची तिच्याजवळ जायची हिंमत होईना. शेवटी ढब्बू न वळताच बोलली. "तिचं होतं ते. आणि माझं होतं. ठेवायचं की टाकायचं, ते तू कोण ठरवणार?"

"कुणी नाही," मावशी म्हणाली.

"तिचा आवाज होता गं तो. आता कुठून आणू मी?"

ढब्बू वळली. नाक लाल, डोळे सुजलेले. तिने फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि स्टुलावर ठेवला.

"म्हण. बटणापासून. सगळं, जसं ती म्हणाली तसं."

मावशीने सुरुवात केली. मुठीपर्यंत कशीबशी आली, खोकला होता तिथे खोकलीसुद्धा, पण "आई म्हणू नकोस"पाशी रडू फुटलं आणि पुढचं सगळं ओलं झालं. ढब्बूने फोन थांबवला.

"ती रडत होती का इथे?"

"नाही गं. हसत होती."

"मग पुन्हा," ढब्बू म्हणाली आणि फोन परत चालू केला. "हळू म्हण. आणि हसून, मावशी."