उलट्या दोऱ्याच्या माश्या

गळाने मासे धरण्याच्या छंदावर अख्खं ग्रंथालय असतं, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. काठावर बसून पाण्याकडे बघण्यावर माणसांनी इतकं लिहून ठेवलंय, हे कपाटं लावेपर्यंत मलाही खरं वाटलं नव्हतं. जुनी पुस्तकं, वेताच्या काठ्या, पितळी रिळं, सगळं मी जिवापाड जपते. मासा मात्र मला वासानेही चालत नाही.

आमच्या ग्रंथालयाची शान म्हणजे बाबांची पेटी. काचेखाली गळांच्या रांगा आणि प्रत्येक गळावर पीस नि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा तिला खरी समजतो आणि फसतो. बाबा डावखुरे, म्हणून त्यांचा दोरा उलटा फिरलेला असायचा. ते गेल्यावर घरातले सगळे डबे उपसून मी उलट्या दोऱ्याच्या माश्या तेवढ्या निवडल्या, पेटीत मांडल्या आणि वर बाबांच्या नावाची पट्टी लावली.

या पेटीवर माझ्या थोरल्या भावाचा डोळा होता. बाबा गेल्यापासून आमचं पटत नाही. खरं सांगायचं तर आधीही पटत नव्हतं. मासे धरायचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो चिखलाच्या बुटांनी थेट आत आला.

"पेटी उघड. एक माशी हवीय."

"आधी पाय पूस. आणि मिळणार नाही."

"पाण्यात टाकायला बांधल्यात त्या, काचेत कुजवायला नाही."

"हरवून येशील. तुझं काय जातंय?"

"तू ग्रंथपाल आहेस की पहारेकरी?"

"तुझ्यासारखे आले की दोन्ही व्हावं लागतं."

खोलीतल्या एकुलत्या एका वाचकाने पुस्तक मिटलं आणि काढता पाय घेतला. भावाने टेबलावर मूठ आपटली. "माझीच वस्तू मागायला तुझ्या नाकदुऱ्या काढू?"

"तुझी?"

"शेवटी शेवटी बाबांचे हात थरथरायचे. दोऱ्याचं टोकसुद्धा धरता येत नव्हतं. मी बांधायचो, ते लोकांना दाखवायचे. तू सुट्टीला आलीस की तुलाही."

"थापा मारू नकोस. तू उजव्या हाताचा आहेस."

तो हसला. ते हसू मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. खिशातून गळ आणि दोरा काढून त्याने गळ तिथे मांडून ठेवलेल्या, माशी बांधायच्या छोट्या शिकंज्यात आवळला आणि उजव्या हाताने दोरा उलटा गुंडाळू लागला. भरभर, माझ्याकडे बघत.

"मला शिकवलं कोणी? त्यांनीच. त्यांचा हात फिरायचा तसा माझा फिरला."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. बाबा फोनवर सांगायचे, आज एक झकास जमली, आणि मी ते वसतिगृहातल्या मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. मला दोघांचा असा संताप आला की किल्ली कुलुपात जाईना. पेटी उघडून मी त्याच्यापुढे ढकलली.

"घे. तुझ्या एकूण एक उचल. बाबांच्या तेवढ्या राहू देत."

तो ऐटीत वाकला. एक उचलून खिडकीशी धरली, परत ठेवली. दुसरी उचलली. चष्मा काढून पुसला. "ही माझी," म्हणाला, आणि लगेच, "नाही, थांब."

"काय झालं? आता का ओळखत नाहीस?"

"ओरडू नकोस, बघतोय ना!" तोच ओरडला.

बघता बघता त्याचे कान लाल झाले. "दादा, बाबांची एक तरी दाखव," मी म्हटलं. त्याला दादा म्हणायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

"कोणाला कळू नये म्हणूनच तर तशा बांधत होतो," तो पेटीकडे बघत म्हणाला.

त्याने हातातली माशी जागेवर ठेवली.

"एक ने. कुठलीही ने," मी म्हटलं.

"आणि ती त्यांची निघाली तर?"

तो रिकाम्या हाताने निघून गेला. मी दाराला कडी घातली आणि त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. मग बाबांनाही.