आवडाबाईंची मूठ

या, जरा जवळ सरका. झांजा मी खाली ठेवल्यात, कीर्तन झालं. बाहेर सुरूच्या झाडांना वारा लागलाय, तो आवाज एकदा ऐकून घ्या, म्हणजे मधेच दचकायला नको. एक गोष्ट सांगते. माझ्या शेजारच्या घरातली आहे, आणि तिच्यातली एक गाठ मी माझ्या हातानं मारलेली आहे. म्हणून ऐकीव म्हणून सोडून देता येत नाही.

किहीम मागे टाकून रेवसच्या अंगाला निघालं की आमची वाडी लागते. ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यातलं एक धर्माजींचं. धर्माजी आमच्या मंडळीचे कीर्तनकार. कमरेला उपरणं बांधून उभे राहिले की खोकणारा माणूससुद्धा खोकला गिळायचा. मागे झांज धरायला मी. त्यांनी स्वतः बांधलेलं एक पद होतं. 'देतो तोही हात त्याचा' ही ओळ ते म्हणायचे आणि थांबायचे. पुढची आम्ही सगळ्यांनी उचलायची: 'घेतो तोही हात त्याचा.'

त्यांची बायको आवडाबाई. गळा नव्हता त्यांना. त्यांची भक्ती चुलीपाशी. भाताला तांदूळ काढले की धुण्याआधी त्यातली एक मूठ प्रभूसाठी मडक्यात टाकायची, ही आमच्याकडची रीत. रविवारी मडकं चर्चमध्ये न्यायचं, आणि ज्या घरची चूल थंड असेल त्या घरी तो तांदूळ जायचा. आवडाबाई मूठ टाकल्यावर तांदूळ तळव्यानं सपाट करून वर हात दाबून ठेवायच्या. उजव्या हाताची करंगळी त्यांनी लहानपणीच नारळ सोलताना कोयत्यावर घालवलेली. त्यामुळे वर उमटायची तीन बोटं आणि अंगठा. आम्ही त्यांना चिडवायचो, की आवडाबाई, वर जाणाऱ्या मालावर अंगठा उठवून आणता की काय. त्या म्हणायच्या, "मग? प्रभूला कळाया नको कुनाच्या घरचं ते?"

धर्माजी गेले. मागल्या वर्षी आवडाबाईही गेल्या. घरात राहिले मुलगा सुजित, सून सोनल आणि नात प्राप्ती. मडकं सोनलकडे आलं.

सुजित खाडीपलीकडच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. एका सकाळी गेटवर त्याचा पास चालेना. कंत्राट संपलं, एवढंच सांगितलं. मग तो रोज रेवसच्या धक्क्यावर जायचा, लाँचमधून माल उतरवायला माणूस लागतं का बघायला. कधी लागायचं, बहुतेकदा नाही. बापाचा गळा त्याच्यात उतरला होता, पण त्यानं गाणं सोडलं. चर्चमध्ये ओठसुद्धा हलवत नसे.

सोनलनं मात्र घर उचलून धरलं. गॅस पाहुण्यापुरता ठेवला आणि सुरूची वाळकी पानं गोळा करून चूल पेटवली. झावळ्यांचे हीर काढून झाडू बांधले. ओहोटीला वाळू उकरून शिंपल्या आणायची, नाहीतर पेज आणि जवळ्याची चटणी. प्राप्तीला वाटायचं आई खेळतेय. कुणी भेटलं तर आधी हसून सलाम करायची. आणि मूठ चुकवायची नाही. सुजित एकदा म्हणाला, की सध्या राहू दे, प्रभूला आपली दशा दिसते. ती म्हणाली, आईंनी कधी चुकवली न्हाय, मी चुकवणार न्हाय.

एका भर दुपारी ती शिंपल्यांची पाटी घेऊन परतली. दाराला कुलूप, चावी हिच्या कमरेला. प्राप्ती शाळेत, सुजित रेवसला. तिनं मडक्यावरचं झाकण उचललं. सपाट केलेल्या तांदळावर हात उमटलेला. तीन बोटं आणि अंगठा.

ऊन डोक्यात गेलं असेल, म्हणून तिनं तांदूळ हलवून टाकला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. प्राप्तीचा हात लावून पाहिला, तो लहान पडला. झोपलेल्या सुजितचा पंजा निरखला, तो फारच मोठा. मग ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, अगं, आपली माणसं प्रभूत निजतात, ती अशी हिंडत नसतात. उंदीर असेल.

"उंदराला अंगठा असतो का मावशी?" सोनल म्हणाली.

गेले मी. तांदूळ हलवून सपाट केला, मडक्याच्या तोंडाला फडकं लावलं आणि वर गाठ मारली. माझे मालक होडीवर होते, त्यांनी शिकवलेली जाळ्याची गाठ. आमच्या आळीत ती दुसऱ्या कुणाला येत नाही. दार लोटलं आणि आम्ही दोघी पडवीत बसलो.

बाराचं ऊन. कावळासुद्धा ओरडत नव्हता. मग सुरूंचा आवाज थांबला, जसा कुणी झांजेवर हात ठेवून नाद दाबावा तसा. घरातून निलगिरीच्या तेलाचा वास आला. आवडाबाई कपाळाला चोळायच्या ते. आणि आतून हलकेच थोपटल्यासारखं ऐकू आलं. थोडं थांबून पुन्हा. सोनलनं माझं मनगट धरलं होतं. दोघींपैकी कुणाला उठवेना.

वारा परत सुटल्यावर आत गेलो. गाठ जशीच्या तशी. मीच सोडली. खाली हात उमटलेला होता, आणि कडेचे दोन-चार दाणे अजून त्या खळग्यात घरंगळत होते.

फडकं दांडीवर टाकायला सोनलनं हात वर केला तेव्हा तिच्या बांगड्या घसरून कोपरापाशी गेल्या. मी विचारलं, जेवलीस का गं. मघाशीच, म्हणाली.

पुढे तो हात रोज खोल जायला लागला. रागानं दाबावा तसा.

मग एक दुपार अशी आली, की सुजित रेवसहून रिकामा परतत होता आणि सोनल त्याला वाटेतच भेटली. दोघांनी मिळून कुलूप काढलं. तांदळावर आज हात नव्हता, खड्डा होता. कुणीतरी मूठ भरून उचललेली. खड्ड्याच्या काठावर तीन बोटं ओढल्याच्या खुणा. आणि न पेटलेल्या चुलीवर टोप, टोपात धुतलेले तांदूळ, वर पेरभर पाणी. आवडाबाई पाणी नेहमी बोटाच्या पेरानं मापायच्या.

सुजितनं टोपात वाकून पाहिलं.

"एवढंच? ही एका माणसाची मूठ हाय. कुनाची?"

सोनल भिंतीला टेकून खाली बसली. "माजी," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. डब्यातून ती तिघांच्या तीन मुठी काढायची. एक प्रभूच्या मडक्यात, उरलेल्या दोन टोपात. कमी कुणाच्या ताटातलं करायचं? म्हणून स्वतःचं केलं. त्यांना वाढून म्हणायची, मी मघाशीच जेवले. आणि वरचं पेजेचं पाणी पिऊन झोपायची. इतके दिवस प्रभूच्या मडक्यात पडत होती ती हिची भूक.

सुजितनं चूल पेटवली. भात शिजला, त्यानं ताट तिच्यापुढे ठेवलं. ती तोंड फिरवून बसली. प्रभूला दिलेलं परत खायचं नसतं, एवढंच म्हणत राहिली. त्यानं समजावलं, हात जोडले, ती हलेना.

मी तेव्हा कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. अचानक त्या घरातून धर्माजींचा आवाज आला. 'देतो तोही हात त्याचा.' दोन वर्षं मातीत असलेला गळा. मग उमगलं, सुजित आहे. तो ओळ म्हणून थांबला, बाप थांबायचा तसा. कुणी उचलेना. त्यानं पुन्हा म्हटली. मी तोंड उघडलं होतं, पण कोण जाणे कसं, मला वाटलं ही ओळ माझी नाही.

बऱ्याच वेळानं सोनलचा आवाज आला. सुतासारखा. 'घेतो तोही हात त्याचा.'

नंतर ताटाचा आवाज आला.

त्या रविवारी त्यांनी अर्धंच मडकं आणलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, या वेळी तांदूळ कुठल्या घरी द्यायचा. असं उभं राहून स्वतःच्या घराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, लाज वाटते. सुजित उठला. "आमच्या," म्हणाला. मग बायका पिशव्या घेऊन त्यांच्या दारी गेल्या. मीही होते त्यात. सोनल रडली, पण पिशव्या घेतल्या.

नोकरी अजून पक्की नाही. किहीमला बंगल्यांच्या विहिरी उपसणं, बागा शिंपणं, जे मिळेल ते सुजित करतो. सोनलचे झाडू आता बाजारात जातात. ती तीन मुठी टोपात घालते आणि प्रभूची चौथी वेगळी काढते. ज्या दिवशी चौथी निघत नाही, त्या दिवशी चिमूट टाकते. मडक्यातल्या हाताचं मी पाळकसाहेबांना सांगितलं. निजलेली माणसं निजलेलीच असतात, म्हणाले, आणि तेही शास्त्राला धरूनच. पण मग मडक्यात बराच वेळ बघत राहिले.

कारण सोनलही आता सासूसारखा तांदळावर हात दाबते. पाचही बोटं टेकवते, मी डोळ्यांनी पाहिलंय. उमटतात ती तीन आणि अंगठा.

आता घरी जाल, तांदूळ काढाल. प्रभूची मूठ टाका, पण ती कुणाच्या ताटातली निघाली तेही बघा. घरातली बाई मघाशीच जेवले म्हणाली तर तिचा हात धरून बसवा. आणि झाकण ठेवण्याआधी आमच्या आवडाबाईंची आठवण काढा.